फिल्टरवरचा काळा डाग कोणाचा? धुरातल्या विषाचा माग कसा काढतात

काजळी (पुणे) | १२ जानेवारी, रात्री ९.४०

थंडी पडली की नातेवाईक मोबाइलवरचा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा आकडा, पुढे करून विचारतात, "आज हवा किती वाईट गं?" गेली अकरा वर्षं मी हवेचे फिल्टर तपासायचंच काम करते. तरी या प्रश्नाला माझं उत्तर दरवेळी अर्धवट राहतं. ते का, हे एकदा नीट लिहायचं होतं.

आपल्याकडच्या हवेच्या मानकांत, म्हणजे नोव्हेंबर २००९ च्या अधिसूचनेत, बारा प्रदूषकं आहेत. एक्यूआय काढताना त्यातली आठच धरतात. उरलेली चार म्हणजे बेंझीन, आर्सेनिक, निकेल आणि बेंझो-ए-पायरीन. या शेवटच्यासाठी हा धागा.

लाकूड, दगडी कोळसा, डिझेल, पालापाचोळा, प्लॅस्टिक, काहीही धुमसत अर्धवट जळलं की कार्बनच्या कड्या एकमेकींना चिकटून रेणू तयार होतात. दोन कड्यांपासून सहा-सात कड्यांपर्यंतचं हे मोठं कुटुंब आहे, त्याला पीएएच (पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन) म्हणतात. बेंझो-ए-पायरीन त्यातला पाच कड्यांचा, आणि सगळ्यांत जास्त अभ्यासलेला. १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने धुराडी साफ करणाऱ्यांच्या कॅन्सरचा संबंध काजळीशी लावला. १९१५ मध्ये जपानात यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानाला महिनोन्महिने कोलटार चोळून कॅन्सर होतो हे दाखवलं. त्या कोलटारातलं नेमकं द्रव्य हाती लागायला १९३३ उजाडलं. त्यासाठी लंडनच्या संशोधकांनी दोन टन डांबर उकळून गाळलं होतं. आज जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था या रेणूला पहिल्या गटात धरते, म्हणजे माणसात कॅन्सर करतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत.

आता प्रमाण बघा. आपल्या मानकानुसार पीएम २.५ ची, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांची, वर्षाची सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. बेंझो-ए-पायरीनची मर्यादा आहे १ नॅनोग्रॅम, मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग. म्हणजे चाळीस हजार भाग धुळीत एक भाग. तेवढ्याने काट्यावरचं वजन हलत नाही. दोन दिवसांचे फिल्टर सारख्या वजनाचे भरतात, पण एकावर रस्त्याची माती असते आणि दुसऱ्यावर कोणीतरी जाळलेल्या टायरचा धूर. एक्यूआयला दोन्ही दिवस सारखे.

तर मुद्दा हा, की फिल्टरवरच्या त्या नॅनोग्रॅमभर ऐवजातून कोणी काय जाळलं हे ओळखता येतं का? बऱ्याच अंशी येतं. कसं आणि कुठपर्यंत ते प्रतिसादांतून लिहीत जाईन, विचारा.

---

गणिती | १२ जानेवारी, रात्री १०.१५

उत्तम विषय. आधी हे सांगा, एक नॅनोग्रॅम मोजता कसा? इतक्या कमी मालावर विश्वास कसा ठेवायचा?

---

काजळी | १२ जानेवारी, रात्री ११.०५

मोठा सॅम्पलर मिनिटाला साधारण १.१ घनमीटर हवा ओढतो, म्हणजे दिवसाला सोळाशेच्या आसपास. हवेत १ नॅनोग्रॅम असेल तर त्या वहीच्या पानाएवढ्या फिल्टरवर दीड मायक्रोग्रॅम जमा होतो. तेवढं मशीनला भरपूर झालं. छोटा पीएम २.५ चा सॅम्पलर मात्र दिवसात २४ घनमीटरच ओढतो, मग पूर्ण फिल्टरवर मिळून २४ नॅनोग्रॅम. तिथे हात फार जपून चालवावा लागतो.

फिल्टर क्वार्ट्झच्या तंतूंचा. वापरण्याआधी भट्टीत साडेचारशे-पाचशे अंशांवर काही तास भाजायचा, म्हणजे त्यावरचं सेंद्रिय काही असेल ते जळून जातं. मग अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळायचा. उन्हात हे रेणू मोडतात, त्यामुळे गोळा केल्यावरही फॉइलमध्येच आणि थेट डीप फ्रीझरमध्ये. नंतर द्रावकात उकळून अर्क काढायचा, तो सिलिकाच्या स्तंभातून गाळून स्वच्छ करायचा, आटवून थेंबभर करायचा आणि जीसी-एमएसला, म्हणजे रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणाऱ्या मशीनला, द्यायचा.

विश्वासाचं विचारलंत म्हणून माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. दरवेळी एक कोरा फिल्टर सोबत न्यायचा असतो. लावायचा, हवा न ओढता काढायचा, आणि बाकीच्यांसारखाच तपासायचा. एका वर्षी खंडेनवमीला आम्ही लॅबमध्ये यंत्रांची पूजा केली. झेंडूच्या माळा, उदबत्ती, शेवटी कापराची आरती. भाजलेले फिल्टर शेजारच्या टेबलावर थंड होत होते आणि झाकायचे राहिले होते. ती जबाबदारी माझी होती. पुढच्या महिन्यात कोऱ्या फिल्टरांत पीएएच दिसायला लागले तेव्हा आधी द्रावकावर शंका घेतली, मग काचेच्या भांड्यांवर. वहीतली तारीख बघितल्यावर पोटात खड्डा पडला. त्या खेपेचे सगळे नमुने बाद केले, बावीस दिवसांचं काम. पूजा आताही होते, पण बाहेरच्या पॅसेजमध्ये, आणि त्या दिवशी फिल्टर भाजत नाही.

---

सुगरण_मावशी (सांगली) | १३ जानेवारी, सकाळी ७.३०

बाई गं, म्हणजे देवघरातली उदबत्ती पण यातच आली? आणि आम्ही चाळीस वर्षं चुलीपुढे बसलो त्याचं काय?

---

काजळी | १३ जानेवारी, सकाळी ८.१०

मावशी, उदबत्तीच्या धुरात हे रेणू असतात हे खरं. एका उदबत्तीने घाबरून जाऊ नका. खिडकी उघडी असू द्या आणि बंद खोलीत दिवसभर धूप नको, एवढंच.

चुलीचं मात्र मी हलक्यात सांगणार नाही. चीनच्या युनान प्रांतात श्वानवेई नावाचा भाग आहे. तिथल्या बायकांना फुप्फुसाचा कॅन्सर प्रचंड प्रमाणात व्हायचा, आणि त्या जवळपास कोणीच सिगारेट ओढत नव्हत्या. घरात धुराचा दगडी कोळसा उघड्या खड्ड्यात जाळून स्वयंपाक होई, आणि त्या धुरात बेंझो-ए-पायरीन भरपूर सापडलं. पुढे ज्या घरांत धुराडं बसवलं तिथे कॅन्सर कमी झाला. आपल्या चुलीत लाकूड आणि गोवऱ्या असतात, तो कोळसा नव्हे, पण धूर नाकातोंडात जातो तो तसाच. तुम्हाला खोकला किंवा दम लागत असेल तर डॉक्टरांना "चाळीस वर्षं चूल" हे आवर्जून सांगा. ते आपणहून विचारत नाहीत.

---

वर्धाकाठ (चंद्रपूर) | १३ जानेवारी, दुपारी १.२०

आमच्याकडे या, मग कळेल. इकडे २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र, चहूबाजूंनी कोळशाच्या खाणी. गच्चीवर कपडे वाळत घातले की संध्याकाळी झटकून आत घ्यावे लागतात. तुमची मशीन काय सांगेल? चिमणीच ना?

---

काजळी | १३ जानेवारी, रात्री ९.५०

वर्धाकाठ, थोडं नीट सांगते, कारण उत्तर तुम्हाला आवडणार नाही कदाचित.

पीएएच हे अर्धवट जळण्याचं अपत्य आहे. औष्णिक केंद्राच्या बॉयलरमध्ये कोळशाची पूड हजार अंशांच्या वर, भरपूर हवेत जळते. तिथे या कड्या टिकत नाहीत. तोच कोळसा घरच्या शेगडीत, कमी आचेवर, पिवळट दाट धूर सोडत जळतो तेव्हा किलोमागे कित्येक पटींनी जास्त पीएएच निघतात. वर चिमणी शेकडो फूट उंच, आणि शेगडी तुमच्या नाकाच्या उंचीवर. जानेवारीच्या पहाटे जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचं झाकण बसलेलं असतं, तेव्हा शेगड्यांचा धूर गल्लीतच फिरत राहतो.

म्हणून चिमणी निर्दोष होत नाही. गंधक वायू, राख, पारा हे हिशेब तिच्याच नावावर आहेत. तुमच्या कपड्यांवरच्या राखेचा शोध घ्यायचा तर मी धातू मोजेन, सूक्ष्मदर्शकाखाली काचेसारखे गोल कण बघेन. बेंझो-ए-पायरीनचा शोध घ्यायचा तर आधी वस्त्यांमधल्या शेगड्यांकडे जाईन. "प्रदूषण कोण करतं" हा एक प्रश्न नाहीच, प्रत्येक विषाचा माग वेगळा लागतो.

---

वर्धाकाठ | १३ जानेवारी, रात्री १०.३०

खरंय. पहाटे पाचला फिरायला निघालं की वस्तीत धुराचा थर दिसतो, कमरेइतक्या उंचीवर अडकून राहिल्यासारखा. पण ती माणसं सायकलवरून कोळशाची पोती वाहून आणतात, कारण सिलिंडर परवडत नाही. दोष त्यांच्या माथी येईल याची भीती वाटते.

---

काजळी | १३ जानेवारी, रात्री १०.४५

मलाही वाटते. शोध लावायचा तो सिलिंडर कुठे आधी पोचायला हवा हे कळावं म्हणून. शेगडीवाल्याला पहिला विळखा त्याच्याच घरात पडतो.

---

गणिती | १४ जानेवारी, सकाळी ९.००

तिळगूळ घ्या सगळे. आता मूळ प्रश्न. रेणू तेच, मग लाकडाचा धूर आणि डिझेलचा धूर वेगळा कसा काढता?

---

काजळी | १४ जानेवारी, रात्री ८.३०

तिळगूळ घ्या. आज सुट्टी होती, निवांत लिहिते.

पहिली पायरी गुणोत्तरांची. फ्लुओरँथीन आणि पायरीन ही दोन भावंडं, वजन सारखं, कड्या चारच, फक्त मांडणी वेगळी. दोघांच्या बेरजेत फ्लुओरँथीनचा वाटा ०.४ च्या खाली असेल तर न जळलेलं तेल, ०.४ ते ०.५ मध्ये पेट्रोल-डिझेलचं ज्वलन, ०.५ च्या वर लाकूड, गवत किंवा कोळसा. अशीच सहा कड्यांच्या रेणूंची जोडी आहे. संशोधनाच्या पेपरांमध्ये हे आकडे सर्रास छापतात आणि अनेकदा तिथेच निष्कर्ष काढून मोकळे होतात. मला ते पटत नाही.

कारण हे साक्षीदार वाटेत जबाब बदलतात. अँथ्रासीन फिनँथ्रीनपेक्षा लवकर मोडतं. तीन कड्यांचे रेणू एप्रिलच्या उकाड्यात कणावरून उडून वायूत जातात, फिल्टरवर उरतच नाहीत. बेंझो-ए-पायरीन स्वतः ऊन आणि ओझोनपुढे टिकत नाही, त्याचं भावंड बेंझो-ई-पायरीन बऱ्यापैकी टिकतं. त्या दोघांच्या प्रमाणावरून धूर ताजा की दुरून प्रवास करून आलेला याचा अंदाज मात्र छान येतो. आणि ०.५ च्या वर लाकूडही आणि कोळसाही. चंद्रपूरला त्याचा काय उपयोग?

म्हणून दुसरी पायरी, खुणेचे रेणू. लाकडातलं सेल्युलोज तीनशे अंशांच्या पुढे जळलं की लेव्होग्लुकोसान नावाची साखरेसारखी गोष्ट तयार होते. पेट्रोल, डिझेल, प्लॅस्टिकमधून ती येत नाही. होपेन हे खनिज तेलातले, वाहनांच्या इंजिन ऑइलमधून येतात. पिसीन कोळशाकडे बोट दाखवतं. कचऱ्यातलं प्लॅस्टिक जळलं की १,३,५-ट्रायफिनाइलबेंझीन दिसतं. रेटीन पाइन-देवदारासारख्या राळ असलेल्या लाकडाचं.

आता गंमत नव्हे, दुखणं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९७० च्या दशकात सोळा पीएएचची यादी केली आणि जगभरच्या लॅब अजून तेच सोळा मोजतात. तयार मिश्रण बाजारात मिळतं, पद्धत ठरलेली, अहवालात तक्ता बसतो. रेटीन त्या यादीत नाही, बेंझो-ई-पायरीन नाही, ट्रायफिनाइलबेंझीन नाही, पिसीन नाही. उगम शोधायला ज्यांची सगळ्यांत जास्त मदत होते तेच बाहेर. नमुना हातात असतो, मशीन चालू असतं, आणि आपण त्यांच्याकडे बघतच नाही.

---

भट्टीवाला (मुंबई) | १४ जानेवारी, रात्री ११.२०

दोन दिवस वाचतोय. आमची तिसऱ्या पिढीची पावाची बेकरी आहे. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदला असं सांगितलं. नोटीस आली तेव्हा वडिलांना दोन दिवस जेवण गेलं नाही. माझा प्रश्न सरळ आहे. रस्त्यावर गाड्या, बांधकामं, देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर कचरा पेटतो. आमच्या भट्टीचा धूर वेगळा ओळखून कोणी दाखवलाय का, की सोपं सावज म्हणून आम्ही?

---

रोखठोक | १५ जानेवारी, सकाळी ६.५०

भट्टीवाल्यांना पाठिंबा. हे सगळे फिल्टर, गुणोत्तरं पेपरात राहतात. आमच्या सोसायटीबाहेर रोज सकाळी झाडलेला पाला पेटवतात, त्यात दुधाच्या पिशव्या असतात. त्याला मशीन कशाला हवं? डोळ्यांना दिसतं.

---

काजळी | १५ जानेवारी, रात्री १०.००

रोखठोक, डोळ्यांना दिसतं ते थांबवायला लॅबची वाट बघू नये, अगदी मान्य. पण डोळ्यांना रात्री दोन वाजता काय जळतं ते दिसत नाही, आणि दिसतं त्यातलं किती फुप्फुसात जातं तेही कळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सहा शहरांचा अभ्यास करवला होता, मुंबईचा नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने केला, पुण्याचा एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने. वजनाच्या हिशेबात रस्त्याच्या उडत्या धुळीचा वाटा मोठा निघाला. मग रस्ते धुवा, पाणी मारा, हेच उपाय पुढे येतात. ते करावेतच. पण विषाच्या हिशेबात माती मागे पडते आणि धूर पुढे येतो.

भट्टीवाले दादा, तुमच्या प्रश्नाला मला प्रामाणिक उत्तर द्यायचंय. लेव्होग्लुकोसान "लाकूड जळलं" एवढंच सांगतं. कोणाचं लाकूड ते सांगत नाही. तुमची भट्टी, वॉचमनची शेकोटी, तंदूर, सगळे त्या एका रेणूत एकसारखे. फक्त त्यावरून कोणी "बेकऱ्यांचा वाटा इतका टक्के" म्हणत असेल तर मी ते स्वीकारणार नाही.

पण वेगळं काढायच्या वाटा आहेत. एक म्हणजे वेळ. चोवीस तासांचा एक फिल्टर लावण्याऐवजी चार-चार तासांचे लावायचे. पाव पहाटेच्या आधी भाजला जातो, तंदूर रात्री आठ ते बारा, शेकोटी रात्री आणि सकाळी. दुसरी, प्रत्येक उगमाच्या तोंडाशी जाऊन त्याच्या धुराचा नमुना घ्यायचा, त्याचा साचा बनवायचा आणि हवेतल्या मिश्रणात तो साचा किती बसतो ते गणिताने बघायचं. साचे हाताशी असतील तर त्याला केमिकल मास बॅलन्स म्हणतात. नसतील तर पीएमएफ (पॉझिटिव्ह मॅट्रिक्स फॅक्टरायझेशन) ही गणिती पद्धत. शंभरेक नमुने एकत्र घेऊन कोणते रेणू सोबतीने वर-खाली होतात त्यांचे गट पाडते, आणि गटाला नाव माणूस देतो. गणिती, चुकायची जागा तीच. आकडा संगणकाचा असतो, "वाहतूक" किंवा "बेकरी" हे नाव आपलं.

तिसरी वाट लाकूड कुठलं ही. तुम्ही काय जाळता? बाभूळ, आंबा, की भंगारातलं?

---

भट्टीवाला | १५ जानेवारी, रात्री ११.४०

खरं सांगतो. आजोबांच्या वेळी वखारीतून ओंडके यायचे. आता भंगारातलं. पॅकिंगच्या पेट्या, पॅलेट, मोडलेलं फर्निचर, प्लायचे तुकडे. ओंडक्यांच्या मानाने फार स्वस्त. प्लाय टाकला की डोळे चुरचुरतात, कारागीर कुरकुरतात.

---

काजळी | १६ जानेवारी, सकाळी ७.४५

दादा, इतकं मोकळेपणाने लिहिलंत, आभार.

पॅकिंगच्या पेट्या आणि पॅलेट पुष्कळदा पाइनचे असतात. म्हणजे रेटीन. मुंबईत शेकोटीला कोणी पाइन सहसा जाळत नाही, आंब्या-बाभळीच्या फांद्या, पाला, पुठ्ठे. मग पहाटे तीनच्या फिल्टरवर लेव्होग्लुकोसानबरोबर रेटीन चढलं, आणि सोबत जुन्या रंगातलं शिसं आणि जस्तही, तर भंगार लाकडाकडे बोट जातं. शेकोटीच्या वेळी लेव्होग्लुकोसान एकटंच चढेल. तुम्ही विचारलंत तो धूर असा वेगळा काढता येतो, सोळाच्या यादीबाहेर बघितलं तर.

प्लायबद्दल माझी हात जोडून विनंती. त्यातला गोंद, वरचा रंग, कडेच्या पीव्हीसी पट्ट्या यांतून निघतं ते साध्या लाकडाच्या धुरापेक्षा फार वाईट. पीव्हीसीत क्लोरीन असतं, ते धुमसलं की डायॉक्सिन नावाची जहाल विषं तयार होतात. भट्टीच्या तोंडाशी उभा कारागीर ते आधी घेतो.

---

विस्तुलाकाठी (क्राकूव, पोलंड) | १६ जानेवारी, दुपारी ४.१०

नऊ वर्षं इथे राहते म्हणून लिहिते. आले तेव्हा हिवाळ्यात संध्याकाळी खिडकी उघडली की कोळशाचा वास घरात शिरायचा, पडदे धुतले की पाणी करडं. घरोघरी कोळशाचे बंब. १ सप्टेंबर २०१९ पासून शहराच्या हद्दीत कोळसा आणि लाकूड दोन्ही जाळायला बंदी झाली. पण ती एका रात्रीत नव्हे. आधी काही वर्षं जुने बंब काढून गॅस किंवा शहराच्या गरम पाण्याच्या जाळ्यावर जायला पालिकेने पैसे दिले. आता वास खूपच कमी. तरी वारा पडला की शहराला वेढून असलेल्या गावांचा धूर खोऱ्यात उतरतो, तिथे ही बंदी नाही. युरोपची बेंझो-ए-पायरीनची मर्यादाही वर्षाला १ नॅनोग्रॅमच आहे, भारतासारखी.

---

भट्टीवाला | १६ जानेवारी, रात्री ९.१५

ताई, "आधी पैसे दिले" हे वाक्य वडिलांना वाचून दाखवलं.

---

गणिती | १७ जानेवारी, सकाळी १०.२०

एक शेवटचं. १ नॅनोग्रॅम म्हणजे धोका नक्की किती?

---

काजळी | १७ जानेवारी, रात्री ९.००

जागतिक आरोग्य संघटनेने दगडी कोळशापासून कोक बनवणाऱ्या भट्ट्यांवरच्या कामगारांच्या अभ्यासांवरून काढलेला अंदाज असा: आयुष्यभर १ नॅनोग्रॅमच्या हवेत श्वास घेतला तर दहा लाख माणसांमागे सुमारे ८७ जणांना त्यामुळे कॅन्सर. बाकीच्या पीएएचना बेंझो-ए-पायरीनच्या तुलनेत गुण देतात. बेंझ-ए-अँथ्रासीनला ०.१, क्रायसीनला ०.०१, असे, आणि सगळ्यांची बेरीज करतात. म्हणून दोन ठिकाणी पीएएचची एकूण बेरीज सारखी असली तरी धोका सारखा नसतो.

---

वर्धाकाठ | १८ जानेवारी, सकाळी ८.००

आमच्या कॉलेजात एक छोटा सॅम्पलर पडून आहे. रसायनशास्त्राचे सर तयार आहेत. कुठे लावू?

---

काजळी | १८ जानेवारी, रात्री ८.२०

दोन मजली इमारतीच्या गच्चीवर, आजूबाजूला झाड किंवा भिंत नको, खाली हॉटेल किंवा कॅन्टीनची चिमणी नको. पुण्यात एका शाळेच्या गच्चीवर आठवडाभर लेव्होग्लुकोसान आणि ट्रायफिनाइलबेंझीन इतकं चढलं, की मी स्वतः रात्री जाऊन बसले. साडेबाराला बरोबर सॅम्पलरच्या पाइपच्या खाली वॉचमनकाकांनी शेकोटी पेटवली. काटक्या, पाणीपुरीच्या द्रोणांचा गठ्ठा, एक फुटकी प्लॅस्टिकची खुर्ची. थंडी होती, त्यांच्याकडे स्वेटर नव्हता. सॅम्पलर हलवला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना स्वेटर आणि कानटोपी आणून दिली.

छोटा सॅम्पलर असल्याने एका दिवसात माल कमी पडेल. आठवड्याचे सातही फिल्टर एकत्र अर्काला घ्या. कोरा फिल्टर विसरू नका. आणि सोबत वही ठेवा, कोणत्या वेळी वस्तीत धूर दिसला, वारा कुठून होता. ती वही नंतर मशीनइतकीच कामाला येते. फिल्टर फॉइलमध्ये, बर्फाच्या डब्यात घालून पाठवा, पिसीन मी बघते.

---

भट्टीवाला | २० जानेवारी, पहाटे ५.३०

आत्ता भट्टी उतरवली. सोळा तारखेपासून प्लाय आणि रंगाचं लाकूड बाजूला काढतोय, चार दिवसांत मागच्या बोळात कमरेपर्यंत ढीग झालाय. भंगारवाला परत घ्यायला तयार नाही. गॅसच्या भट्टीचं कोटेशन आलंय, कर्जासाठी बँकेत उद्या जातो. पावाची चव बदलेल असं वडील म्हणतात, पण कारागीर आज म्हणाला, शेठ, आज डोळे चुरचुरले नाहीत.

काजळीताई, जुनी भट्टी बंद व्हायच्या आधी तिच्या धुराचा नमुना हवा असेल तर या. पहाटे तीनला या, तेव्हा ती पूर्ण पेटलेली असते.